रावणाची चार डोकी आणि हरवलेली त्राटिका: बोहाड्याच्या एका गावातलं प्रकरण

पार्श्वभूमी

गावाचं नाव देत नाहीये, माणसांची पण नाही, गावानंच तसं सांगितलंय. पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडचा डोंगराळ भाग, चार पाड्यांचं गाव, कोकणा आणि महादेव कोळी जास्त, थोडी वारली घरं. मी या गावात पाच वर्षं शाळेवर होतो, बदली झाली तरी तालुक्यातच आहे, त्यामुळे अजून सगळे गुरुजी म्हणतात आणि काही अडलं की फोन येतो. या प्रकरणात मी पहिल्यापासून होतो, काही गोष्टी माझ्यामुळे नीट झाल्या आणि एक-दोन माझ्यामुळेच बिघडल्या, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतोय, दुसऱ्या गावात असंच झालं तर कोणाला तरी उपयोग होईल.

बोहाडा ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्याकडे होळीपासून पुढे उन्हाळ्यात गावोगाव बोहाडा होतो, काही ठिकाणी भोवाडा म्हणतात, नाशिककडे पेठ-सुरगाणा-त्र्यंबकच्या गावांत पण होतो. रात्री पलिते पेटतात, संबळ आणि पिपाणी सुरू होते आणि एकेक सोंग मुखवटा चढवून गल्लीतून नाचत येतं. आधी गणपती, मग शारदा, मग मारुती, राम-लक्ष्मण, भीम, खंडेराव, नरसिंह, वेताळ, त्राटिका, रावण, आणि शेवटी पहाटे देवी महिषासुराला मारते तेव्हा बोहाडा संपतो. बावन्न सोंगं म्हणतात, पण ज्या गावात जेवढे मुखवटे तेवढी सोंगं. सगळी सोंगं पुरुषच घेतात, देवीचं आणि त्राटिकेचं पण. लोक नारळ ठेवतात, पाया पडतात, कारण मुखवटा चढल्यावर आतला माणूस कोणाचा भाऊ आणि कोणाचा जावई हे कोणी बघत नाही, तो त्या वेळी देव असतो नाहीतर राक्षस.

या गावात सोंगाचा मान घराण्याकडे आहे. अमुक घर रावणाचं, तमुक घर त्राटिकेचं, मुखवटा पण त्या घराचाच. पत्ता विचारला तरी असंच सांगतात, नरसिंहाच्या घरामागं विहीर आहे तिथं या. गावात एकूण ३१ मुखवटे होते, त्यातले १९ लाकडी आणि बाकीचे कागदाच्या लगद्याचे. आता बहुतेक गावांत कागदीच दिसतात, वजनाला हलके आणि करायला सोपे. लाकडी मुखवटे उंबर, सावर, पांगारा, साग असल्या लाकडाचे. सावर-पांगारा कोरायला मऊ आणि डोक्यावर हलका पण कीड लवकर धरतो, साग टिकतो पण नाचणाऱ्याची मान मोडतो.

अडचण कुठून सुरू झाली

पूर्वी मुखवटे त्या त्या घरात, चुलीच्या वरच्या माळ्यावर, फडक्यात गुंडाळून खुंटीला टांगलेले असायचे. वर्षभर खालून धूर. मुखवटे काळे पडायचे, बोहाड्याच्या आधी पुसून रंगवायचे आणि परत माळ्यावर. त्या धुरानं आणि उबेनं कीड लागत नव्हती, पावसाची ओल बसत नव्हती, आणि आमच्याकडे पाऊस किती हे वेगळं सांगायला नको. मग घरकुलं आली, स्लॅब पडला, गॅस आला, माळे गेले. दोन-तीन घरांत मुखवटा कुठं ठेवायचा हाच प्रश्न झाला. कमिटीतल्या पोरांनी चांगल्या मनानं ठरवलं की सगळे मुखवटे समाजमंदिराच्या मागच्या खोलीत एकत्र ठेवू, कुलूप लावू, चोरीची भीती नको. मी पण तेव्हा हो म्हणालो, इतकंच नाही तर पंचायतीकडून कुलूप मीच आणलं होतं.

त्या खोलीला खिडकी नव्हती. मुखवटे जमिनीवर एकावर एक रचलेले, खाली प्लास्टिकचा कागद, मागची भिंत पावसाळ्यात पाझरते. दोन पावसाळे गेले. डिसेंबरमध्ये एकानं सहज दार उघडलं तर रावणाच्या खाली पिवळसर पिठासारखा भुसा पडलेला, बोट लावलं की मैद्यासारखा मऊ. रावणाची उजवीकडची डोकी ठोकली तर पोकळ आवाज. बघितलं तर ७ मुखवट्यांना भुंगा लागलेला, दोघांच्या मागच्या बाजूला वाळवी पण चढलेली.

दुसरी अडचण याच महिन्यात आली. मुंबईहून जुन्या वस्तू घेणारा एक माणूस गावात फिरत होता, त्यानं भुसा पडलेले मुखवटे बघून सांगितलं की हे आता टिकणार नाहीत, पुढच्या वर्षी फेकावे लागतील, त्यापेक्षा मला द्या. रावण, नरसिंह आणि त्राटिका मिळून १ लाख १० हजार द्यायला तयार होता. गावाच्या हिशोबानं ही फार मोठी रक्कम, समाजमंदिराचा पत्रा बदलायचा होता, संबळवाल्यांचे मागचे पैसे द्यायचे होते.

आणि हे सगळं ठरवायची बैठक झाली तो महिना कोणता तर जानेवारी. दिवाळीनंतर अर्धं गाव भिवंडी-वाड्याकडे वीटभट्टीवर जातं, होळीला परत येतं. रावणाच्या घरातले बाबा गावातच होते, पण त्राटिकेचं अख्खं घर भट्टीवर. गावात राहिलेले म्हणजे म्हातारे, शाळेतली पोरं आणि कमिटीतले चार-पाच जण.

पर्याय काय होते

पहिली बैठक समाजमंदिरात झाली, मला पण बोलावलं. विकायच्या बाजूनं बोलणारे वाईट लोक नव्हते हे आधी सांगतो. त्यांचं म्हणणं सरळ होतं, लाकूड गेलंय, आपल्याला दुरुस्ती येत नाही, निदान पैसे तरी येतील आणि त्यात जव्हारकडून चांगले कागदी मुखवटे करून घेऊ, सगळी सोंगं सुरू राहतील. मी कायद्याचं बोललो. १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे, शंभर वर्षांपेक्षा जुनी कोरीव वस्तू त्यात येते, तिचा धंदा करायला लायसन्स लागतं आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. आमच्या मुखवट्यांचं वय कोणाला सांगता येत नव्हतं, रावणाच्या घरातले बाबा म्हणाले माझ्या आज्यानं पण तो जुनाच बघितला होता. म्हणून ठरलं की घेणाऱ्याला लायसन्स दाखव म्हणायचं. फोनवर विचारलं तर तो म्हणाला, जुनं कुठं आहे, हे तर डेकोरेशनचं सामान. जो माणूस विकत घेताना वस्तूला डेकोरेशन म्हणतो आणि पुढे विकताना अँटिक म्हणणार आहे त्याच्याशी व्यवहार करू नये असं मला तेव्हाही वाटलं.

दुसरा पर्याय संग्रहालय. पुण्याला आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय आहे, तिथं द्यावेत, नीट काचेत राहतील, असं एका शिकलेल्या पोराचं म्हणणं. यावर बराच वेळ बोलणं झालं. मी त्यांना कॅनडाच्या क्वाक्वाक्यावाक्व लोकांची गोष्ट सांगितली, त्यांचे पॉटलॅच नावाच्या सोहळ्यातले लाकडी मुखवटे सरकारनं १९२१ च्या एका सोहळ्यानंतर जप्त केले, सोहळ्यावरच बंदी होती तेव्हा, आणि त्यातले बरेचसे परत आले ते थेट १९७९-८० मध्ये, ते पण संग्रहालय बांधू या अटीवर. आपल्यावर कोणी जबरदस्ती करत नाहीये, पण एकदा दाराबाहेर गेलेला मुखवटा परत यायला दोन पिढ्या लागू शकतात एवढं लक्षात ठेवा म्हटलं. बाबा शांतपणे ऐकत होते, मग त्यांनी विचारलं, तिथं त्याला होळीला कोण उठवणार? यावर कोणी काही बोललं नाही आणि तो विषय तिथंच संपला.

तिसरा पर्याय म्हणजे कीड मारायची आणि जमेल तेवढे मुखवटे नाचवत ठेवायचे. हे सगळ्यांना आवडलं पण करायचं कसं हे कोणालाच माहीत नव्हतं. एकानं रॉकेल सुचवलं, एकानं शेतातलं औषध. मी तोपर्यंत थांबा म्हटलं. चौथा पर्याय कोणी मोठ्यानं बोललं नाही पण म्हाताऱ्यांच्या मनात होता तो मला नंतर कळला, तो म्हणजे जे लाकूड संपलं ते संपलं, त्याला पाण्यात सोडायचं आणि नवीन कोरायचं.

काय केलं

बैठकीत ठरलं की होळीपर्यंत कोणताही मुखवटा गावाबाहेर जाणार नाही. हे तोंडी ठरलं. लिहून घेतलं नाही, सह्या-अंगठे घेतले नाहीत, खोलीची किल्ली पण ज्याच्याकडे होती त्याच्याकडेच राहिली.

मी मुंबईत संवर्धनाचं काम करणाऱ्या एका ताईंना गाठलं, त्या स्वखर्चानं आल्या. त्यांनी सगळ्यात आधी रॉकेल आणि शेतातलं औषध दोन्ही नको म्हणून सांगितलं, रंग सुटतो आणि हा मुखवटा माणसाच्या नाका-तोंडाला चिकटून रात्रभर असतो, त्यात विष मारून कसं चालेल. त्यांनी गोठवायची पद्धत सांगितली. मुखवटा जुन्या सुती साडीत गुंडाळायचा, वरून जाड प्लास्टिक, हवा दाबून काढायची, टेपनं बंद, आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८-२० अंशावर दोन आठवडे. अळी, अंडी सगळं मरतं, औषध लागत नाही. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर दव मुखवट्यावर बसतं, पिशवीवर बसलेलं चालतं. रंगाचे जाड थर असतील तर पापुद्रे सुटायची थोडी भीती असते, ती त्यांनी आधीच सांगितली आणि सुटलेले पापुद्रे अगोदर चिकटवून घेतले.

फ्रीझर कुठून आणायचा? तालुक्याच्या ठिकाणी आइस्क्रीमवाल्याचा मोठा फ्रीझर थंडीत रिकामा पडलेला होता, तो वीजबिल द्या म्हणाला, भाडं नको. घेऊन जायच्या आधी बाबांनी प्रत्येक मुखवट्यापुढं नारळ फोडला आणि कुठं नेतोय, का नेतोय हे सांगितलं. ताई मोजमाप सोडून उभ्या राहिल्या. चौथ्या दिवशी ९ तास लाईट गेली. ताईंना फोन केला तर म्हणाल्या पहिल्यापासून मोजा, अर्धवट थंडीत काही किडे वाचतात. म्हणजे एकूण १८ दिवस झाले, पोरं आळीपाळीनं जाऊन थर्मामीटरचा फोटो पाठवायची.

आता रावण. तो फ्रीझरमध्ये मावेना. मधलं तोंड सागाचं, आणि त्याच्या दोन्ही बाजूला फळीवर नऊ डोकी पांगाऱ्याची, रुंदी चार फुटांच्या आसपास, रेशन दुकानाच्या काट्यावर वजन १३ किलो. डोकी लाकडी खुंट्यांनी बसवलेली होती, काढली तर मावणार होतं. ताईंचं मत होतं खोलू नये, जुनी जोडणी तुटेल, मोठी पिशवी करून आतला ऑक्सिजन काढून महिनाभर ठेवू. त्या पद्धतीला खर्च आणि वेळ दोन्ही जास्त. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, माझ्या बापानं ही फळी एकदा बदललीय, तेव्हा पण खोललाच होता. खुंट्या त्यांनीच काढल्या, उकळतं पाणी नाही, हातोडी नाही, नुसत्या अंगठ्यानं हलवत हलवत, अर्धा तास. आतून मूळ लाकूड पांढरं दिसत होतं आणि एका डोक्याच्या मागं कोणीतरी कोळशानं चार रेघा मारलेल्या होत्या, कोणतं डोकं कुठं बसतं याची खूण.

उजवीकडची चार डोकी पूर्ण पोकळ निघाली. ताई म्हणाल्या रेझीन भरून जपता येतील, नाचवता येणार नाहीत, पण जपता येतील. मी पण त्याच बाजूचा होतो. बाबा तयार नव्हते. त्यांच्या घरात रीत अशी की जे तोंड परत नाचणार नाही ते घरात ठेवत नाहीत. इथं आमच्यात चांगलीच ओढाताण झाली, मी दोनदा समजवायला गेलो, तिसऱ्या वेळेला बाबांच्या सूनबाईंनी दारातच सांगितलं, गुरुजी, घर आमचं हाय, तोंड आमचं हाय, तुमी फोटू काढा. मग ताईंनी आणि मी चारही डोक्यांची मापं घेतली, सगळ्या बाजूंनी फोटो काढले, कागदावर कड आखून घेतली, आणि घरच्यांनी ती नदीवर नेऊन सोडली. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं. पण पेसा कायद्यात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) सुद्धा रूढी-परंपरा जपायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय, माझ्यासारख्याला नाही, आणि जपणं म्हणजे काय हे पण त्यांनीच ठरवायचं.

शेवटी काय झालं

७ पैकी ५ मुखवटे फ्रीझरमधून नीट परत आले, एकाच्या कपाळाचा थोडा रंग गेला. सहावा रावण, त्याची कथा पुढे सांगतो. सातवी त्राटिका.

फ्रीझरला न्यायला खोली उघडली तेव्हा त्राटिका जागेवर नव्हतीच. आम्हाला आधी वाटलं कोणीतरी दुरुस्तीला घरी नेली असेल. बैठकीनंतर आठच दिवसांत ती ४० हजारांना गेली होती. किल्ली ज्याच्याकडे होती तो त्राटिकेच्याच घराण्यातला चुलत पुतण्या, त्यानं आधीच १० हजार इसार घेतलेला होता आणि घरात आजारपण होतं. त्याला वाटलं आपल्याच घराचा मुखवटा आहे, आपण देऊ शकतो. होळीला घर भट्टीवरून परत आलं, आजीनं पहिल्यांदा समाजमंदिराकडे जाऊन बघितलं. घेणारा माणूस फोन उचलत नव्हता, नंतर नंबरच बंद. पोलिसात जायचं का यावर घरातच दोन दिवस बोलणं चाललं आणि आजीनं नाही म्हटलं, पोरगं आपलंच हाय. त्या वर्षी त्राटिका कागदी मुखवट्यावर नाचली. संबळवाल्यानं नेहमीचीच चाल वाजवली.

रावणाला होळीपर्यंत नवीन लाकडी डोकी होणं शक्य नव्हतं. गावात कोरणारे एकच काका उरलेत, सत्तरीच्या पुढचे, त्यांनी सांगितलं ओलं लाकूड कोरलं तर पावसाळ्याच्या आत तडकेल, कापून सावलीत वाळू द्या, पुढच्या वर्षी देतो. म्हणून त्या वर्षी चार डोकी कागदाची करून फळीवर बसवली, वजन ८ किलोवर आलं. सगळे खूश होते, नाचणाऱ्याला सोपं जाईल म्हणून. पण सोंग गल्लीतून गेलं तेव्हा मला पण जाणवलं की काहीतरी चुकतंय. नंतर नाचणाऱ्या पोरानं सांगितलं, गुरुजी, वजन असलं की मान वळवली तरी डोकी मागनं येतात, दोन पावलं थांबावं लागतं, तीच रावणाची चाल, आता मान लगेच वळते, बाहुल्यासारखं वाटतं. संबळवाल्याला पण ठेका लवकर तोडावा लागला. रावण तसा का चालतो हे मी इतकी वर्षं बघत होतो आणि ते १३ किलोमुळे आहे हे मला त्या रात्री कळलं. पुढच्या वर्षी काकांनी वाकस आणि गोल पटाशीनं चार डोकी कोरून दिली, घेतलेल्या मापांवरून, आणि रावण परत जड झाला.

मागे बघताना

सगळ्यात मोठी चूक बैठक जानेवारीत घेऊन निर्णय करून टाकायची. निम्म्याहून जास्त मानकरी घरं भट्टीवर असताना काहीच ठरवायला नको होतं, किंवा भट्टीवर जाऊन त्यांना विचारायला हवं होतं, भिवंडी काही लांब नाही, एक दिवसाचं काम होतं. आम्ही फोनवर पण विचारलं नाही.

दुसरं, सगळे मुखवटे एका किल्लीखाली आणणं. घराघरात विखुरलेले होते तोपर्यंत एका माणसाच्या अडचणीमुळे गावाचं सोंग जाऊ शकत नव्हतं. कुलूप मी आणलं होतं हे परत सांगतो.

तिसरं, आधीपासून प्रत्येक मुखवट्याचे फोटो आणि मापं असती तर त्राटिका शोधायला, निदान ती आमचीच आहे असं म्हणायला काहीतरी हातात असतं. रावणाच्या डोक्यांचे फोटो आम्ही काढले ते ती जाणार हे ठरल्यावर. आता ३० मुखवट्यांची वही झालीय, पुढून-बाजूनं-मागनं फोटो, वजन, लाकूड, कोणत्या घराचा, ग्रामसभेच्या ठरावासकट. वही गावच्या आशाताईंकडे (आरोग्याचं काम करणाऱ्या आशा कार्यकर्तीकडे) आहे, कमिटीकडे नाही, तो निर्णय बायकांनी घेतला.

आणि इसार. पुतण्याला पैशाची गरज होती हे अर्ध्या गावाला माहीत होतं. ४० हजार गावानं मिळून जमले असते का मला माहीत नाही, पण विचारलं असतं तर निदान बोलणं झालं असतं.

मुखवटे आता परत घरांत गेलेत. ज्यांच्याकडे चूल आणि माळा आहे त्यांच्या वर टांगलेत, स्लॅबच्या तीन घरांनी आपले मुखवटे शेजारच्या माळ्यावर ठेवलेत, पावसाळ्यात महिन्यातून एकदा खाली काढून भुसा पडलाय का बघतात.

त्राटिकेसाठी काकांना फोटो हवा होता. शोधून शोधून एका पोराच्या मोबाईलमध्ये चार वर्षांपूर्वीच्या बोहाड्याचा व्हिडिओ सापडला, पलित्याच्या उजेडात, फक्त डावी बाजू दिसते आणि ती पण हलतेय. उजवी बाजू आजीनं सांगितली. काकांच्या समोर बसून जीभ किती बाहेर, भुवई कुठं जाड, सगळं हातानं दाखवत होती, आणि उजव्या कानाची पाळी तुटलेली होती, ती तुटकीच ठेव म्हणाली. पांगाऱ्याचं लाकूड सध्या तिच्याच घराच्या पडवीत सावलीला वाळतंय.